वाट मेंदूत कशी उमटते? उडत्या वटवाघळांनी दिलेली उत्तरं

लातूरच्या गंजगोलाईत पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळतोच. मधोमध १९१७ साली उभारलेली गोल दुमजली इमारत, तिच्या पोटात अंबाबाईचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते. एकीकडे सोनंनाणं, एकीकडे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. गोलाला अर्धा वळसा घातला की आपण आलो तो रस्ता कोणता, हे सांगता येत नाही. मग एखादी ओळखीची पाटी दिसते आणि सगळं शहर क्षणात फिरून जागच्या जागी बसतं. रोजच्या माणसाला तर पाटीही लागत नाही. तो बोलत बोलत, पिशवी सांभाळत बरोबर आपल्या रस्त्याला लागतो.

दिवेलागणीला एखादं वटवाघूळ शहरावरून जातं, तेव्हा त्याच्यापुढे १६ रस्ते नसतात. डावं-उजवं, पुढं-मागं याच्या जोडीला त्याला वर आणि खाली हेही सांभाळायचं असतं, तेही वेगाने आणि अंधारात. रात्रभर फिरून पहाटे ते आपल्याच वडावर परत येतं.

आपण कुठे आहोत हे मेंदूला कसं कळतं, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी शतकानुशतकं चघळला. गेल्या पन्नासेक वर्षांत तो प्रयोगशाळेत आला, आणि गेल्या दोन दशकांत त्याची सर्वांत अनपेक्षित उत्तरं वटवाघळांनी दिली. त्या उत्तरांचा हा आढावा. तो घेताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. प्राण्याला लहान पेटीत ठेवून पाहिलं तेव्हा मेंदूतला नकाशा भूमितीच्या पुस्तकासारखा रेखीव दिसला. त्याला खोली दिली, मग बोगदा दिला, मग मोकळं बेट दिलं, तसतसा तो रेखीवपणा गळत गेला. त्या जागी दिसला तो प्राण्याच्या गरजेतून आणि वावरातून घडलेला नकाशा.

सुरुवात उंदरांपासून

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये असं मांडलं की उंदीर भूलभुलैयात नुसती डावी-उजवी वळणं पाठ करत नाही, त्याच्या डोक्यात परिसराचा एक नकाशा तयार होतो. तेव्हा हा केवळ तर्क होता. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक तारा बसवून एकेका पेशीचे विद्युत-स्पंद ऐकले. हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या आतल्या बाजूचा, आठवणींशी जोडलेला भाग. तिथली एखादी पेशी उंदीर एका ठरावीक कोपऱ्यात आला की भराभर स्पंद सोडायची, बाकी ठिकाणी जवळजवळ गप्प राहायची. दुसऱ्या पेशीचं ठिकाण दुसरं. या त्या स्थान-पेशी. शिवारातला प्रत्येक तुकडा कोणाच्या ना कोणाच्या नावावर असावा, तशी पेटीतली प्रत्येक जागा कोणत्या ना कोणत्या पेशीच्या नावावर निघाली.

पुढे १९८०च्या दशकात दिशा-पेशी सापडल्या. प्राण्याचं डोकं एका ठरावीक दिशेला वळलं की त्या जाग्या होतात, मग प्राणी खोलीत कुठेही असो. गोल भिंतींच्या पेटीत खूण म्हणून एकच पांढरं कार्ड लावायचं आणि उंदीर बाहेर असताना ते सरकवायचं. उंदीर परत आला की त्याच्या सगळ्या दिशा-पेशी कार्डाच्या मागे तेवढ्याच अंशांनी फिरलेल्या दिसायच्या. गंजगोलाईत ओळखीची पाटी दिसल्यावर शहर फिरून जागेवर बसतं, तो हाच अनुभव.

२००५ मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट मोझर, एडवर्ड मोझर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये जाळी-पेशी शोधल्या. इथली एक पेशी अनेक ठिकाणी जागी होते, आणि ती ठिकाणं समान अंतरावर, मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी रचनेत असतात. जणू मेंदूने जमिनीवर आलेखाचा कागदच अंथरला आहे. ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चं नोबेल मिळालं. चित्र पूर्ण झाल्यासारखं वाटलं: दिशा-पेशी हे होकायंत्र, जाळी-पेशी ही मोजपट्टी आणि स्थान-पेशी हा पत्ता.

फक्त एक अडचण होती. हे सगळं मीटर-दीड मीटरच्या सपाट पेटीत पाहिलेलं होतं.

वटवाघूळच का?

सस्तन प्राण्यांत खऱ्या अर्थाने उडणारं वटवाघूळ एकटंच. म्हणजे उंदराशी आणि आपल्याशी नातं सांगणारा मेंदू, पण वावर पक्ष्याचा. जागेचा प्रश्न तिन्ही मितींत विचारायला याहून योग्य प्राणी नाही.

या अभ्यासातला मुख्य प्राणी म्हणजे इजिप्शियन फळवटवाघूळ, सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचं. त्याचा अगदी जवळचा भाऊबंद, लेशेनॉल्टचं फळवटवाघूळ, महाराष्ट्रात आढळतो. दोघेही रूझेटस या एकाच प्रजातिगटातले आणि गुहा, तळघरं, पडक्या इमारती, जुन्या विहिरी अशा ठिकाणी वस्तीने राहणारे. माहूरची लेणी, कंधार, औसा आणि उदगीरचे किल्ले, औसा तालुक्यातली खरोसा लेणी, गावोगावच्या पडक्या गढ्या आणि बारवा: नांदेड-लातूरच्या नकाशावर अशा प्राण्याला मानवणाऱ्या जागा ठायीठायी आहेत. गावाबाहेरच्या वडा-पिंपळाला दिवसा काळ्या पिशव्यांसारखी लटकलेली मोठी वटवाघळं वेगळी. ती टेरोपस गटातली. त्यांचे पसरलेले पंख चार फुटांच्या आसपास जातात आणि त्यांचा भर डोळ्यांवर व नाकावर असतो.

अंधारात वटवाघूळ कानाने वाट काढतं, याचा माग इटलीच्या लाझारो स्पालान्झानी यांनी १७९०च्या दशकात काढायला घेतला. डोळे गेलेलं वटवाघूळ नीट उडतं, पण कान बंद केले की धडकतं, हे तेव्हाच कळलं. प्रतिध्वनीचं कोडं मात्र १९४०च्या सुमारास अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी सोडवलं. कीटक खाणारी बहुतेक वटवाघळं स्वरयंत्रातून कर्णातीत आवाज काढतात. रूझेटस मात्र जिभेने टकटक करतं, तेही जोडीजोडीने, आणि त्याचे डोळेही तेज असतात. बघूनही वाट काढणारा आणि ऐकूनही वाट काढणारा असा प्राणी संशोधकांना मिळाला, ही मोठी सोय झाली.

खोलीतले गोल

२००७ मध्ये नाखुम उलानोव्स्की आणि सिंथिया मॉस यांनी अमेरिकेतल्या कीटकभक्षी वटवाघळात पहिल्यांदा स्थान-पेशी दाखवल्या. तेव्हा वटवाघूळ उडत नव्हतं, रांगत होतं. पुढे उलानोव्स्की यांनी इस्राएलच्या रेहोव्होत शहरातल्या वाइझमन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. या विषयाचा मोठा भाग आज तिथूनच येतो.

२०११ मध्ये मायकेल यार्टसेव्ह, मेन्नो विटर आणि उलानोव्स्की यांनी रांगत्या वटवाघळात जाळी-पेशी दाखवल्या आणि त्यासोबत एक प्रस्थापित सिद्धान्त डळमळीत केला. उंदीर चालतो तेव्हा त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला साधारण आठ आवर्तनांची एक संथ लय सतत वाजत असते. जाळीची रचना याच लयीतून विणली जाते, असं मानणारा एक वजनदार गट होता. वटवाघळात ती अखंड लय नव्हती, जाळी मात्र होती. एकाच प्राण्याचा अभ्यास करून सगळ्या सस्तनांचा नियम सांगण्यातला धोका यातून उघड झाला.

खरं वळण आलं २०१३ मध्ये. यार्टसेव्ह आणि उलानोव्स्की यांनी वटवाघळाच्या डोक्यावर मावेल इतकं हलकं बिनतारी यंत्र बसवून ते मोठ्या खोलीत मोकळं उडत असताना नोंदी घेतल्या. स्थान-पेशी हवेतही होत्या. एकेका पेशीचं क्षेत्र हवेत तरंगणाऱ्या चेंडूसारखं, बहुतेकदा जवळपास गोल. उंचीची जाण लांबी-रुंदीइतकीच नेमकी, आणि अशा अनेक चेंडूंनी सगळी खोली भरलेली. याआधी २०११ मध्ये लंडनच्या केट जेफरी यांच्या गटाने उंदरांना खुंट्या ठोकलेल्या भिंतीवर चढवून पाहिलं होतं. तिथे स्थान-पेशींची क्षेत्रं वरखाली ताणलेली निघाली, म्हणजे उंदराला उंचीचं भान कच्चं होतं. दोन प्राण्यांचे दोन निकाल वेगळे आले, कारण दोघांचं जगणं वेगळं. जो जसा वावरतो, तसा त्याचा नकाशा.

दिशेचं कोडं याहून अवघड. वटवाघूळ उलटं लटकतं, उडता उडता पालथं होतं. पृथ्वीच्या गोलावर अक्षांश-रेखांश मांडतो तशी मेंदूने दिशा मांडली, तर सरळ वर तोंड करून मागे उलटताना रेखांश एकदम १८० अंशांनी उडी घेईल. २०१५ मध्ये अर्सेनी फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वटवाघळाच्या दिशा-पेशी गोल वापरतच नाहीत. त्या वापरतात सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबचा किंवा मेदूवड्याचा आकार. एक कोन कड्याभोवती फिरतो, दुसरा ट्यूबच्या जाडीभोवती, आणि दोन्ही आपापली फेरी पूर्ण करतात. त्यामुळे प्राणी उलटा झाला तरी दिशेत खंड पडत नाही. लटकत जगणाऱ्या जिवाला हेच गणित सोयीचं.

मोसंब्यांचं पोतं

मग सगळ्यांचं लक्ष जाळी-पेशींकडे लागलं. सपाट जमिनीवर षटकोनी जाळी, तर तीन मितींत काय? गणिताचं उत्तर तयार होतं. फळवाला हातगाडीवर मोसंब्यांचा मनोरा रचतो, त्या रचनेत एकसारखे गोळे कमीत कमी जागेत बसतात. मेंदूही असाच मनोरा रचत असेल, असा अंदाज होता.

२०२१ मध्ये गिली गिनोसार आणि सहकाऱ्यांचे निकाल आले तेव्हा मनोरा दिसला नाही. उडत्या वटवाघळात एकेक पेशी हवेतल्या अनेक ठिकाणी जागी होत होती आणि शेजारच्या दोन ठिकाणांमधलं अंतर बऱ्यापैकी ठरावीक होतं, पण सगळी मिळून एकच शिस्तबद्ध रचना होत नव्हती. पोत्यात ओतलेली मोसंबी डोळ्यांपुढे आणावीत. प्रत्येक फळाचं शेजारच्या फळाशी अंतर जवळपास सारखं, पण रांग नाही, थर नाही. जवळ शिस्त आहे, लांबवर नाही. त्याच वर्षी जेफरी यांच्या गटाला त्रिमितीय सांगाड्यावर चढणाऱ्या उंदरांतही सुबक त्रिमितीय जाळी सापडली नाही.

याचा अर्थ खोल आहे. जाळी-पेशी म्हणजे मेंदूतली मोजपट्टी, हा विचार षटकोनाच्या रेखीवपणावर उभा होता. तिसऱ्या मितीत तो रेखीवपणाच नसेल, तर मोजपट्टीची कल्पनाही नव्याने तपासावी लागते. संशोधकांनी दाखवलं की पेशींची ठिकाणं एकमेकांना गोळ्यांसारखी दूर ढकलत असतील, तर सपाट जागेत आपोआप षटकोन होतो आणि तीन मितींत अशी अर्धीमुर्धी शिस्त उरते. षटकोन हा मेंदूचा हेतू नसून सपाट पेटीचा परिणाम असू शकतो.

दोनशे मीटरचा बोगदा

खोली कितीही मोठी केली तरी ती खोलीच. रानातलं फळवटवाघूळ रात्री कित्येक किलोमीटर जातं. एक साधा हिशेब करून पाहू. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि १०० मीटर उंच हवेचे एकेक मीटरचे घन पाडले, तर १० कोटी घन होतात. प्रत्येक घनाला स्वतंत्र पेशी द्यायची म्हटलं तर मेंदू पुरणार नाही. उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या ज्या पट्ट्यात स्थान-पेशींचा सर्वाधिक अभ्यास झाला, तिथे पेशी काही लाखच असतात.

तामिर एलियाव, उलानोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०० मीटर लांबीचा बोगदा उभारला आणि त्यात वटवाघळं उडवली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: एकाच स्थान-पेशीची बोगद्यात अनेक क्षेत्रं होती, आणि त्यांचे आकार कमालीचे वेगवेगळे होते. सर्वांत लहान क्षेत्र सुमारे ०.६ मीटरचं, सर्वांत मोठं ३२ मीटरचं. काही पेशींत मोठं क्षेत्र लहान क्षेत्राच्या २० पट निघालं.

शेतकऱ्याच्या घरात हे लगेच समजेल. एका खातेदाराच्या नावावर एकच चौकोनी वावर क्वचित असतं. वाटण्या होत होत एक तुकडा ओढ्याकाठी, दोन एकर माळावर, दहा गुंठे गावालगत. एकच तुकडा पाहून खातेदार ओळखता येत नाही, पण पाच-सात खातेदारांच्या जमिनी जिथे एकमेकांना भिडतात, ती जागा शिवारात एकच असते. मेंदूही तसंच करतो. एक पेशी अनेक ठिकाणी बोलते, पण एका वेळी कोणकोणत्या पेशी मिळून बोलतात यावरून जागा नेमकी ठरते. लहान क्षेत्रं बारकावा देतात, मोठी क्षेत्रं आवाका देतात आणि थोड्या पेशींत मोठा प्रदेश मावतो. प्रयोगशाळेत जन्मलेल्या, मोठी जागा कधीच न पाहिलेल्या वटवाघळांतही हीच पद्धत दिसली. म्हणजे ही सोय अनुभवातून शिकलेली नसून मेंदूत आधीच असावी.

याच बोगद्याची पुढची गोष्ट २०२५ मध्ये आली. उंदीर झोपतो किंवा थबकतो, तेव्हा त्याच्या स्थान-पेशी दिवसभरातली वाट काही क्षणांत भराभर उजळून काढतात. आठवण पक्की होण्यामागे ही उजळणी असते, असं मानतात. लहान पेटीत ती एका दमात सगळी वाट पार करते. २०० मीटरच्या बोगद्यात मात्र वटवाघळाची उजळणी तुकड्यातुकड्याने चालते, एका वेळी वाटेचा छोटासा भाग. मोठी पोथी एका बैठकीत वाचून होत नाही, रोज एकेक अध्याय लावावा लागतो. लहान जागेतला नियम मोठ्या जागेत जसाच्या तसा चालत नाही, याची ही आणखी एक साक्ष.

उजेडातलं घर, अंधारातलं घर

आतापर्यंत आपण नकाशा म्हणजे ठिकाणांची नोंद असं धरलं. वटवाघळांवरच्या प्रयोगांनी तेही पुरेसं नसल्याचं दाखवलं.

२०१६ मध्ये माया गेवा-सगीव आणि सहकाऱ्यांनी एकच खोली उजेडात आणि अंधारात वापरली. उजेडात वटवाघूळ डोळ्यांनी उडायचं, अंधारात जिभेच्या टकटकीने. खोली तीच, वाट तीच, पण पेशींचा नकाशा बदलला. उजेडात कोपऱ्यात बोलणारी पेशी अंधारात भलतीकडे बोलू लागली किंवा गप्प झाली. लोडशेडिंगच्या काळात अंधाऱ्या घरात भिंत चाचपत माठापर्यंत गेलेल्या माणसाला हे पटेल. ते घर दिवसाच्या घरापेक्षा वेगळंच असतं.

परिसर बदलला की स्थान-पेशींनी नवा नकाशा मांडणं, हे उंदरांत १९८०च्या दशकापासून ठाऊक आहे. आपल्या भागाने या बदलाचं माणसांच्या आयुष्यातलं रूप पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. बोळ, पार, वेस, मातीची माळवदं यांच्या जागी सरळ रेषेतले रुंद रस्ते आणि सारखी घरं आली. माणसं तीच होती, पण पायांना पाठ असलेलं गाव उरलं नव्हतं. जुन्या गावठाणाचा नकाशा डोक्यात जपत नवा मांडायचा, हे काम त्या पिढीने दुःखासोबत केलं. स्थान-पेशींविषयी वाचताना हे आठवतं, कारण हिप्पोकॅम्पस जागेचा आहे तितकाच आठवणीचाही आहे.

नकाशात पुढचं ठिकाणही असतं. २०१७ मध्ये आयेलेत सारेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही पेशी वटवाघळाचं लक्ष्य कोणत्या दिशेला आणि किती लांब आहे हे सांगतात, अगदी ते लक्ष्य पडद्याआड झाकलं तरी. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत निकोलस डॉट्सन आणि यार्टसेव्ह यांना अशा पेशी दिसल्या, ज्या प्राणी आत्ता कुठे आहे यापेक्षा क्षणापूर्वी कुठे होता किंवा क्षणानंतर कुठे असेल ते सांगतात. वेगाने उडणाऱ्याला पुढचा क्षण आत्ताच हवा असतो.

आणि नकाशात दुसरं कोणीतरीही असतं. २०१८ मध्ये डेव्हिड ओमर आणि सहकाऱ्यांनी एका वटवाघळाला लटकून दुसऱ्याचं उड्डाण बघायला लावलं, म्हणजे नंतर त्याने तीच वाट घ्यावी. बघणाऱ्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशी उडणारं वटवाघूळ कुठे आहे त्यानुसार बोलत होत्या. २०२२ मध्ये सारेल यांच्याच पुढच्या प्रयोगात दोन वटवाघळं बोगद्यातून समोरासमोर उडत आली. टक्कर टाळायची वेळ आली तेव्हा पेशींनी जागेची नोंद सोडून समोरच्याचं अंतर मोजायला घेतलं, आणि हा बदल सुमारे १०० मिलिसेकंदांत झाला. वाट मोकळी होताच त्या पुन्हा जागा सांगू लागल्या. अरुंद रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की आपण गाव कोणतं हे विसरून फक्त ट्रॅक्टर पाहतो, तसंच हे.

मोकळ्या आकाशाखाली

तारा न बसवता रानात केलेल्या अभ्यासांचाही इथे विचार केला पाहिजे, कारण प्रयोगशाळेतल्या पेशींचा शेवटी वाटेशी काही संबंध आहे का, हे रानच सांगतं. २०११ मध्ये इस्राएलमध्ये फळवटवाघळांवर छोटी जीपीएस यंत्रं लावून दिसलं की ती रात्रीमागून रात्री त्याच झाडाकडे सरळ रेषेत, उंचावरून जातात. त्यांना गुहेपासून ४४ किलोमीटरवर, अनोळखी भागात नेऊन सोडलं तरी ती परतली. २०२० मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी रानातली वटवाघळं आधी कधी न घेतलेल्या आडवाटा अचूक काढतात हे दाखवलं. टोलमन यांच्या १९४८ च्या तर्काला मोकळ्या रानातला इतका भक्कम पुरावा क्वचितच मिळाला असेल.

२०२५ मध्ये ही दोन टोकं जुळली. शाकेद पालगी, उलानोव्स्की आणि सहकाऱ्यांनी टांझानियाच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या निर्मनुष्य लेथम बेटावर मोकळ्या आकाशाखाली उडणाऱ्या वटवाघळांच्या दिशा-पेशी नोंदल्या. बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होकायंत्र एकच राहिलं. चंद्र-तारे दिसोत वा ढगांआड जावोत, फरक पडला नाही. पहिल्या रात्री मात्र ते होकायंत्र पुरतं स्थिर नव्हतं, काही रात्रींत ते पक्कं झालं. जन्मजात चुंबकीय सुईपेक्षा शिकलेल्या खुणांवर ते उभं असावं, असा याचा अर्थ. गंजगोलाईतल्या पाटीसारखंच.

काय टिकलं, काय गळलं

पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर काही गोष्टी भक्कम उभ्या आहेत. स्थान-पेशी, दिशा-पेशी आणि जाळी-पेशी उंदरांत आहेत तशा वटवाघळांत आहेत. माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्येही स्थान-पेशी सापडल्या आहेत: अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांनी संगणकावरच्या आभासी गावात फेरफटका मारला, तेव्हा त्या दिसल्या. मेंदूत जागेसाठी खास यंत्रणा आहे, याबद्दल आता वाद नाही.

गळल्या त्या तीन समजुती. एका पेशीला एकच जागा, ही पहिली. जाळी सर्वत्र सुबक असते, ही दुसरी. आणि नकाशा म्हणजे फक्त जागेची नोंद, ही तिसरी. या तिन्ही समजुती लहान, सपाट, रिकाम्या पेटीत एकट्या प्राण्याला ठेवल्यामुळे तयार झाल्या होत्या. चूक उंदरांची नव्हती, पेटीची होती.

मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. बहुतेक निकाल एका जातीच्या, मोजक्या प्राण्यांचे आणि मोजक्या प्रयोगशाळांतले आहेत. पेशी बोलते म्हणून ती वाट दाखवतेच असं नाही. ते सिद्ध करायला ती पेशी थोपवून प्राणी चुकतो का हे पाहावं लागतं, आणि उडत्या वटवाघळात ते काम अजून कोवळं आहे. बोगदा मोठा असला तरी त्यात जायला एकच वाट असते. किलोमीटरभर मोकळ्या हवेत, तिन्ही मितींत स्थान-पेशी कशा वागतात, हा पुढचा मोठा प्रश्न आहे. शिवाय या प्रयोगांत जिवंत प्राण्याच्या मेंदूत केसाएवढ्या तारा बसवल्या जातात. म्हणून विचारलेला प्रश्न तेवढ्या मोलाचा असला पाहिजे.

तो तसा आहे. अल्झायमरमध्ये सर्वांत आधी ढासळणाऱ्या भागांत एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस येतात. ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, घराचं दार न सापडणं, ही त्या आजाराची सुरुवातीची लक्षणं. घरातलं म्हातारं माणूस बाजारातून परत येताना हरवतं, तेव्हा या लेखातल्या सगळ्या पेशी एकदम खऱ्या होतात.

आपल्या माथ्यावरची वटवाघळं

हे संशोधन रेहोव्होत आणि बर्कलीत झालं. ज्या प्राण्याने ते घडवलं, त्याचे सगेसोयरे आपल्या गावात आहेत आणि आपण त्यांना अशुभ म्हणून हाकलत आलो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळवटवाघळांना कावळे-उंदरांच्या रांगेत उपद्रवी ठरवलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट गेलं, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्यावरचा उपद्रवी हा शिक्का पुसला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेत मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूची प्रतिपिंडं आढळल्याचं २०२१ मध्ये सांगितलं, तेव्हा भीती पसरली. त्या शोधाचा योग्य अर्थ एवढाच की वटवाघळांना हाताळू नये, त्यांनी चावलेली फळं खाऊ नयेत आणि त्यांची वस्ती डिवचू नये. गुहेत धूर करणं, झाडाखाली फटाके लावणं याने धोका कमी होत नाही. बिथरलेली वटवाघळं नव्या ठिकाणी पांगतात, इतकंच. आणि मोहापासून वडा-उंबरापर्यंत कितीतरी झाडांचं परागण किंवा बीजप्रसार ती रात्री फुकट करत असतात.

भारतात या विषयाची परंपराही आहे. मदुराईच्या एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांच्या जैविक घड्याळावर केलेलं काम जगभर वाचलं गेलं. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सचिन देशमुख यांची प्रयोगशाळा उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जागेची नोंद कशी होते ते शोधते. लातूरच्या शिकवण्यांत हजारो मुलं हिप्पोकॅम्पस हा शब्द अकरावीच्या जीवशास्त्रात एका ओळीत पाठ करतात. त्यांतल्या काहींनी तो शब्द संध्याकाळच्या आकाशाशी जोडून पाहावा. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेड-लातूर जिल्ह्यांतली महाविद्यालयं यांना मेंदूत तारा बसवायची गरज नाही. कोणत्या किल्ल्यात, कोणत्या लेण्यात, कोणत्या वडावर कोणती जात किती संख्येने राहते, संध्याकाळी किती वाजता आणि कोणत्या दिशेने निघते, याची वर्षभराची नोंदवही हे पहिलं काम. त्याला लागतात एक वही, एक घड्याळ आणि, जमल्यास, कर्णातीत आवाज टिपणारा मायक्रोफोन.

प्राण्याला त्याच्या स्वतःच्या जागेत पाहिलं तेव्हाच त्याच्या मेंदूने खरं उत्तर दिलं, हा या सगळ्या संशोधनाचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे ती जागा आहे आणि तो प्राणीही आहे. तेव्हा गावातल्या वडाची फांदी छाटण्याआधी, पडक्या गढीचं तळघर बुजवण्याआधी एकदा वर पाहा. तिथे कोणी लटकलं असेल तर ती जागा त्याच्यासाठी राहू द्या.